लोह्याला राहिलेला परकर

त्या मालिकेचं नाव शिवकन्या कोरेच्या दुकानात कुणी काढत नाही. मी काढलं, कारण मला काहीच माहीत नव्हतं. शाळेच्या गॅदरिंगसाठी मावळ्यांचे अंगरखे आणि कोळणींची लुगडी भाड्यानं न्यायला गेलो होतो. लातुरात असले नाटकाचे, नाचाचे पोशाख भाड्यानं देणारी तिची ड्रेपरी जुनी आहे. ती कपडे मोजून बाजूला ठेवत होती. बोलता बोलता मी म्हणालो, "ताई, भूकंपावरची ती मालिका बघितली. डोळ्यांत पाणी आलं. तुम्हीही तिच्यात काम केलं होतं ना?"

तिनं हातातला अंगरखा टेबलावर आपटला.

"सर, त्या पाण्याची किंमत कुणी भरली, माहीत हाय का तुम्हाला? बसा. आता ऐकूनच जावा."

मी बसलो. तिनं त्या दिवशी सांगितलं ते, आणि नंतर मी स्वतः किल्लारीला जाऊन ऐकलं ते, असं मिळून हे लिहितोय.

शिवकन्या मूळची उदगीरची. वडील बसवंतअप्पांचं कापडाचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ही पोर ताग्यांवरच झोपायची. आई सिद्धम्मा अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायची आणि घरातल्या सगळ्यांचे कपडे हातानं शिवायची. लग्न होऊन शिवकन्या लातूरला आली ती राजशेखरच्या घरी. ड्रेपरी त्याच्या वडिलांची. तो गल्ल्यावर बसायचा, ही मागच्या खोलीत मशीनवर.

एकदा एका सिनेमाची मंडळी शूटिंगला लातूरला आली आणि त्यांचा कपड्यांचा माणूस आजारी पडला. कुणीतरी शिवकन्याचं नाव सांगितलं. ती दोन दिवसांसाठी म्हणून गेली आणि त्या कामात रमून गेली. मग मुंबईहून बोलावणी यायला लागली. टीव्हीच्या मालिका, एखादा सिनेमा. महिनोन्महिने ती तिकडे राहायची. नटनटींचे कपडे सीनप्रमाणे लावून ठेवायचे, इस्त्री करायची, फाटलं तर जागच्या जागी टाचायचं, आणि आधीच्या सीनमध्ये पदर कसा होता, बटण कितवं उघडं होतं याचे फोटो बघून पुढच्या सीनला तसंच्या तसं घालायचं. ह्याला तिकडे कंटिन्युइटी म्हणतात. दिवसभर उभं राहायचं काम. जेवणाच्या रांगेत कपडेवाल्यांचा नंबर शेवटचा. तरी तिला ते आवडायचं.

"माणसाला कपडा घातला की त्याचं चालणं बदलतं सर," ती मला म्हणाली. "ते बघायला लई आवडायचं मला."

मग भूकंपावरच्या मालिकेची कंपनी आली. किल्लारीजवळच्या एका माळावर त्यांनी गावाचा सेट उभारला. दगडमातीची घरं, पण दगड थर्माकोलचे. सगळी जुळवाजुळव करायला नांदेडचा व्यंकट नावाचा माणूस होता. गाड्या, जेवण, गर्दीसाठी माणसं, सगळं तोच बघायचा. त्यानंच शिवकन्याला बोलावलं. कपड्यांच्या खात्याची मुख्य एक डिझायनर होती, मुंबईची. तिला सगळे मॅडम म्हणायचे. बोलायला गोड, कामाला कडक.

गर्दीच्या सीनसाठी किल्लारीतल्याच बायामाणसांना घेतलं होतं. आता विचार करा. ज्या गावानं त्र्याण्णवच्या भूकंपाची ती पहाट बघितली, त्याच गावाला ती परत करून दाखवायची होती. तरी माणसं आली. आपलं दुःख जगाला दिसणार म्हणून आली. आणि चारचौघांत जायचं म्हणून धुतलेली लुगडी, इस्त्रीचे सदरे घालून आली. मॅडमनं रांगेवरून नजर फिरवली आणि शिवकन्याला म्हणाली, "हे सगळे फार स्वच्छ आहेत. मला गरिबी दिसत नाहीये."

शिवकन्या म्हणाली, "मॅडम, हे लोक असेच राहतात. तवाही असेच राहायचे."

"प्रेक्षकांना ते पटायला हवं ना."

मग कपडे जुने करायचं काम सुरू झालं. पॉलिश पेपरनं घासायचं, ब्लेडनं झिरझिरीत करायचं, चहाच्या पाण्यात बुडवून मळकट रंग आणायचा. हे काम शिवकन्यानं मुंबईत कितीदा केलं होतं. पण तिथं ते कंपनीचे कपडे असायचे. इथं कोंडाबाई नावाची म्हातारी, आधी नीट निऱ्या घातलेली, ते विटकं फाटकं लुगडं नेसून बाहेर आली आणि शिवकन्याकडे बघून म्हणाली, "बाई, भूकंपानं घर नेलं व्हतं. लाज नव्हती नेली." शिवकन्याला तिच्याकडे बघवलं नाही.

पण हे पुढे जे झालं त्याच्यापुढे काहीच नाही.

मालिकेत एक आठ वर्षांची मुलगी आहे. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत ती नाचते, आणि त्याच पहाटे भूकंपात जाते. तिच्या पोशाखासाठी त्या काळचं काहीतरी बघायला मिळावं म्हणून शिवकन्या गावात फिरत होती. कोंडाबाईनं तिला शेजारच्या कस्तुराबाईकडे नेलं.

कस्तुराबाई आता साठीच्या आसपास. भूकंपात तिची उज्वला नावाची पोर गेली. धाकटा सुदर्शन तेव्हा अंगावर पिता होता, तो कुशीत होता म्हणून वाचला. आता तो किल्लारी-लातूर जीप चालवतो. नवरा दगडोबा वाचला, पण पुढे आजारपणात गेला. घर होतं त्यातलं एक भांडंही नीट निघालं नाही. उज्वलाची एकच गोष्ट राहिली, तीही घरात नव्हती म्हणून.

तिनं पेटीतून काढून दाखवलं. खणाचं जांभळं पोलकं आणि हिरव्या काठाचा परकर. श्रावणात उज्वला लोह्याला मावशीकडे, सिंधुमावशीकडे गेली होती. पोर वाढीला लागलेली, परकर आखूड झालेला. मावशी म्हणाली, राहू दे इथंच, मी खालची दुमड सोडून लांब करून देते. पोर परत आली, परकर पोलक्यासकट लोह्यालाच राहिला; भूकंपानंतर मावशीनं तो आणून दिला.

"विसर्जनाला तिला ह्योच घालायचा व्हता," कस्तुराबाई म्हणाली. "लई रडली. मी म्हणलं, अगं येईल की मावशी घेऊन. जुन्या फ्रॉकवर नाचली बिचारी. नाचून नाचून दमली आन् तशीच झोपली."

 शिवकन्या नुसतं कापड बघायला आली होती. रंग बघायचा, काठ बघायचा, फोटो काढायचा आणि तसं शिवून घ्यायचं. तिनं फोटो काढले आणि उठली. तेव्हा कस्तुराबाईच म्हणाली, "घेऊन जा."

"न्हाई मावशी. फोटो बास झाला."

"घेऊन जा म्हणते. तुमच्या पिच्चरमधली पोर इसर्जनाला नाचणार हाय ना? तिला घाल. माझ्या लेकराची हौस राहिलीय. दिसू दे एकदा नाचताना."

शिवकन्यानं जबान दिली. फक्त मिरवणुकीच्या सीनला. मी स्वतः घालीन, मी स्वतः काढीन, मी स्वतः परत आणून देईन. ढिगाऱ्याच्या, मातीच्या सीनसाठी मी दुसरा शिवते. सेटवर जाऊन तिनं हे सगळं मॅडमला सांगितलं. व्यंकटही समोर होता. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "ऑफ कोर्स. हे तर आपल्यासाठी पवित्र आहे."

पवित्र. हा शब्द सांगताना शिवकन्यानं टेबलावर मूठ आपटली.

तिनं जागून दुसरा परकर-पोलकं शिवलं. खण मिळाला, काठ मिळाला, पण इतक्या वर्षांचा मऊपणा नव्या कापडात कुठून येणार? तरी धुऊन धुऊन तिनं तो बराच जवळ आणला.

मिरवणुकीचा सीन छान झाला. काम करणारी पोरगी पुण्याची होती, गोड होती. शिवकन्यानं तिला हळूच पोलकं घातलं, नाडी बांधली. ढोल वाजला, पोर गोल गोल फिरली आणि परकराचा घेर फुलला. कस्तुराबाई आली नव्हती, पण कोंडाबाई गर्दीत उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. सीन संपल्यावर शिवकन्यानं परकर घडी करून वेगळ्या पिशवीत ठेवला आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, परत द्यायचा.

दुसऱ्या दिवशी मॅडमनं तिला पांढरं कापड आणायला लातूरला पाठवलं. ती म्हणाली, "आल्यावर मी किल्लारीत परकर देऊन येते." मॅडम म्हणाली, "हो हो, नक्की."

शिवकन्या दुपारी परत आली तेव्हा ढिगाऱ्याचा सीन चालू होता. थर्माकोलच्या दगडांखाली ती पोरगी पडली होती. कॅमेरा जवळ होता. शिवकन्या गाठोडं उतरवून पुढे गेली आणि तिला परकराचा काठ दिसला. उभा फाडलेला. पोलक्याची बाही ब्लेडनं कापलेली. सगळ्यावर लाल माती थापलेली आणि छातीशी खोटं रक्त.

तिला आधी वाटलं, आपला शिवलेला असेल. मग दुमड सोडल्याची जुनी रेघ दिसली. ती रेघ तिनं नव्या परकरावर घातली नव्हती.

"कट" झालं. दिग्दर्शक म्हणाला, अजून एक टेक. तेवढ्यात शिवकन्या सरळ ढिगाऱ्यात शिरली. कुणीतरी ओरडलं, कोण ही बाई, बाजूला करा तिला. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. पोरीला उचललं, आपल्या शालीत गुंडाळलं आणि कपड्यांच्या गाडीत नेलं. पोरगी घाबरली होती. म्हणाली, "आंटी, माझं चुकलं का?"

"न्हाई बाळा. तुझं कशाला चुकेल?" तिनं तिला तिचा स्वतःचा फ्रॉक घातला, तोंड पुसलं, आईकडे दिलं. आणि मग ती मॅडमसमोर उभी राहिली.

"मी शिवलेला कुठं हाय?"

"शिवकन्या, शांत हो. तो कॅमेऱ्यात नवा दिसत होता. काल मिरवणुकीत हा दिसलाय, आज वेगळा दिसला असता. कंटिन्युइटी तुला मी शिकवायला हवी का?"

"तुम्ही जबान दिली व्हती."

"अगं, सीन बघ कसा झालाय! त्या बाईंच्या मुलीला ह्याहून मोठी श्रद्धांजली काय असणार? आणि आपण त्यांना नवीन घेऊन देऊ ना. चांगलं, सिल्कचं."

शिवकन्या सांगते की तोवर तिनं कुणाला मोठ्यानं बोललेलं नव्हतं. मुंबईत कितीजणांनी कपडे तोंडावर फेकले, तेही ऐकून घेतलं होतं. त्या दिवशी तिचा आवाज सगळ्या माळावर गेला.

"कुणाला नवीन देता? ती पोर काय कपड्याच्या दुकानात मिळती का? एकदा मेली तवा धरणीनं मारली. आज तुम्ही मारली, ब्लेड घेऊन, निवांत बसून, ठरवून!"

दिग्दर्शक मधे पडला. म्हणाला, दिवसाचा उजेड चाललाय, भांडण नंतर करा. व्यंकट तिला बाजूला ओढायला लागला, "ताई, जाऊ द्या, मी बघतो ना." ती म्हणाली, "तू बी तिथं उभा व्हतास तवा." त्यानं मान खाली घातली. ती मॅडमला आणि व्यंकटला म्हणाली, माझ्यासोबत चला आणि कस्तुराबाईला स्वतःच्या तोंडानं सांगा. कुणी हललं नाही. शेवटी ती तो परकर तसाच मातीसकट घेऊन एकटी गेली.

कस्तुराबाई दारात बसून शेंगा फोडत होती. शिवकन्यानं पिशवी पुढे ठेवली.  कस्तुराबाईनं परकर उलगडला. फाटलेल्या जागेवरून हात फिरवला. छातीवरच्या लाल डागाशी हात थांबला.

"हे काय हाय?"

"खोटं हाय मावशी. रंग हाय."

 मग कस्तुराबाईनं वर पाहिलं.

"मी तुला दिला व्हता," ती म्हणाली. "त्येंला न्हाई."

हे सांगताना दुकानात शिवकन्याचा आवाज पहिल्यांदा खाली गेला. "खरं होतं ते सर. मॅडमचं नावबी तिला माहीत नव्हतं. तिनं तोंड माझं बघितलं व्हतं."

गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही, अर्धं गाव सेटवरच तर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठा गर्दीचा सीन होता. माणसं आली, पण रांगेत उभी राहिली नाहीत. कोंडाबाई सगळ्यांच्या पुढे. तिनं ते फाटकं लुगडं धुऊन, घडी करून आणलं होतं. कपड्यांच्या टेम्पोत ठेवत ती मॅडमला म्हणाली, "ही घ्या तुमची गरिबी. आमची घरी हाय, ती आम्हाला पुरते." तिच्यामागून एकेक करून सगळ्यांनी कपडे ठेवले आणि चालते झाले. कुणी घोषणा दिली नाही, दगड मारला नाही. माळ रिकामा झाला एवढंच.

गर्दी नाही म्हटल्यावर शूटिंग बंद. आदल्या दिवशी ज्यांना उजेड चालला म्हणून वेळ नव्हता, त्यांना आता वेळच वेळ होता. दुपारी व्यंकट दिग्दर्शकाला आणि मॅडमला घेऊन कस्तुराबाईच्या दारात आला. शेजारपाजारच्या बाया जमल्या. शिवकन्याही एका कडेला उभी होती.

मॅडमनं नवी जरीची साडी आणली होती. हात जोडून म्हणाली, "मावशी, सॉरी. आमच्या भावना वाईट नव्हत्या."

कस्तुराबाईनं साडीकडे पाहिलंही नाही. ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात पाण्याची बादली आणि दुसऱ्या हातात परकर-पोलकं. दोन्ही मॅडमपुढे ठेवलं.

"चिखल तू लावलास ना? तू धू."

 दिग्दर्शक म्हणाला, "मावशी, आम्ही चांगल्या ड्रायक्लीनरकडून..."

"तुला न्हाई म्हणलं मी. हिला म्हणलं."

मॅडम खाली बसली. भारी पँट ओल्या फरशीवर टेकली. ती जोरजोरात चोळायला लागली, घाईघाईनं, संपवायचं म्हणून. कस्तुराबाई म्हणाली, "हळू. लेकराचं हाय." मॅडमचे हात थांबले. मग ती सावकाश धुवायला लागली. माती निघाली, बादली लाल झाली, पाणी बदललं. रंगाचा डाग काही जाईना. मॅडम रडायला लागली. मी कोंडाबाईला विचारलं, तेव्हा तरी तुम्हाला तिची दया आली का? ती म्हणाली, "रडली म्हणून काय झालं? आम्ही बी रडलोच की."

कस्तुराबाईनं ओला परकर पिळला, झटकला आणि आतल्या दोरीवर टाकला. साडी व्यंकटच्या हातात परत दिली. "आता जावा," म्हणाली.

शिवकन्याला कंपनीनं त्याच संध्याकाळी काढलं. मॅडमनं नाही, दिग्दर्शकानं. तिनं सीन चालू असताना कॅमेऱ्यापुढे जाऊन शिस्त मोडली असं कारण दिलं. बरोबरच आहे. शब्द मोडणाऱ्याला नियम लागत नाही, त्याबद्दल ओरडणाऱ्याला लागतो. मुंबईच्या लोकांत तिचं नाव झालं, ती बाई भांडकुदळ आहे. बोलावणी थांबली. कंपनीनं दुसऱ्या गावातून टेम्पो भरून माणसं आणली आणि राहिलेलं शूटिंग पार पाडलं.

पुढे मालिका आली. मी बघितली, तुम्हीही बघितली असेल. वर्तमानपत्रांत कौतुक आलं, कपड्यांचं तर खास आलं, किती अस्सल म्हणून. ढिगाऱ्यातल्या त्या पोरीचं चित्र जाहिरातीवर होतं. शिवकन्या ढिगाऱ्यात शिरायच्या आधी एक टेक झाला होता, तोच त्यांनी वापरला. आणि मिरवणुकीतलं नाचणं? ते नाही. लांबी वाढत होती म्हणून कापलं, असं व्यंकटनं शिवकन्याला फोनवर सांगितलं. ढोल ऐकू येतो, गुलाल उडतो, पोर दिसत नाही. ज्या गोष्टीसाठी एका आईनं पेटी उघडली, तेवढीच नेमकी काढून टाकली, आणि जी तिनं कधीच दिली नव्हती ती भिंतीभिंतीवर लावली. मला हे कळल्यापासून त्या पाण्याची लाज वाटते, जे माझ्या डोळ्यांत आलं होतं.

राजशेखर स्वभावानं शांत. तो त्या दिवशी दुकानात म्हणाला, "आता किती दिवस धरून बसणार? होऊन गेलं."

"झालं न्हाई, केलं," शिवकन्या म्हणाली. "तेवढा फरक तरी ठेवा."

कस्तुराबाई पुष्कळ दिवस तिच्याशी बोलली नाही. शिवकन्या दोनदा किल्लारीला गेली, दोन्ही वेळा सुदर्शननं दारातूनच सांगितलं, आई झोपलीय. तिसऱ्यांदा ती गेली नाही. मग यंदा पावसाळ्यानंतर सुदर्शन आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे लातूरला घेऊन आला आणि परत जाताना जीप ड्रेपरीसमोर थांबली. कस्तुराबाई काठी टेकत आत आली. टांगलेल्या राक्षसांच्या मुकुटांकडे, परीच्या पंखांकडे बघत स्टुलावर बसली.

शिवकन्या उभीच राहिली.  शेवटी म्हणाली, "मावशी, चहा ठेवू?"

"ठेव की."

चहा झाला. कस्तुराबाईनं बशीत ओतून फुंकर मारली.

"माझा राग गेला न्हाई, बरं का."

"माझाबी न्हाई मावशी."

"बरं हाय मग," असं म्हणून कस्तुराबाई चहा प्यायली. बशी रिकामी झाल्यावर तिनं ती पुढे केली आणि शिवकन्यानं उरलेला चहा तिच्यात ओतला.